दार कोण लावणार?

मधल्या भावाने बाथरूममध्ये दुसरं गाणं सुरू केलं, तेव्हा अक्काने तोंडातल्या टाचण्या हातावर घेतल्या आणि म्हणाली, "याला कोणीतरी सांगा, एक कडवं पुरे. आत कोणीतरी आहे एवढं कळलं की झालं. मैफल नको."

बारक्याच्या घरात बाथरूममध्ये गायची पद्धत त्याच्या कामावरच्या अपघातानंतर पडली होती. एका रविवारी बारक्याने स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि घरातल्या सगळ्या दारांच्या कड्या काढून टाकल्या. रागाने उपटल्या नव्हत्या. त्याच्या हातून वाकडं काम होतच नाही. स्क्रू बरणीत भरले, कड्या फडक्यात बांधून माळ्यावर ठेवल्या, भोकं बुजवून वरून रंगाचा हात मारला. आता आत जायचं, दार नुसतं लोटायचं आणि बाहेर येईपर्यंत गात राहायचं. धाकटी, म्हणजे बारक्याची बायको, हलकं गुणगुणायची. मधलीला, म्हणजे मधल्याच्या बायकोला, गाणं येत नसे, म्हणून ती खोकायची. तिला दमा आहे अशी शेजाऱ्यांची ठाम समजूत झाली होती. मधला मात्र कडवी, धृपद आणि मधलं वाद्यसंगीत सगळं तोंडाने करायचा.

"हात वर कर," अक्का म्हणाली.

बारक्याने हात वर केले. पन्नाशी ओलांडलेला, दारात उभा राहिला तर खोलीत दिवा लावावा लागेल असा हा माणूस घराला अजून बारक्याच होता, कारण त्याच्यानंतर कोणी जन्माला आलं नव्हतं. त्याच्या अंगात वडिलांचा, आप्पांचा कोट होता. अक्काचा सगळा जन्म शिलाई मशीनवर गेला होता. कोट तिने दोन्ही बगलांत उसवून आतून पट्ट्या जोडल्या होत्या, पाठीचा दुमडा सोडला होता, बाह्या वाढवल्या होत्या. आता त्यात आप्पांचं म्हणावं असं कॉलर आणि बटणंच उरली होती.

"वरचं बटण लाव."

"राहू दे ना अक्का."

"द्वारपालाचं वरचं बटण लावलेलं असतं. आप्पांचं कधी उघडं पाहिलंस?"

"आप्पांची मान माझ्या मनगटाएवढी होती."

"श्वास रोखून धर आणि लाव."

त्याने लावलं. चेहरा लाल झाला. अक्का दोन पावलं मागे सरकली आणि तिचे डोळे भरून आले. कोट अगदी तसाच दिसत होता. आत माणूस कोंबलेला होता, पण कोट तसाच.

प्रार्थनाघरात द्वारपालाचा मान मागून मिळत नाही. मागितलात तर जन्मात मिळणार नाही. जो माणूस पुढची जागा सोडून आपण होऊन शेवटच्या बाकावर बसतो, बसतच राहतो आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाही, त्याच्यावर मंडळींची नजर जाते. बारक्या पूर्वी तिसऱ्या रांगेत बसायचा, गप्पा मारायचा, प्रार्थनेच्या मध्येच घड्याळ बघायचा. अपघातानंतर तो शेवटच्या बाकाच्या टोकाला जाऊन बसू लागला. एक पाय उंबऱ्याच्या बाहेर. तोंडातून शब्द नाही. मंडळींनी हे पाहिलं आणि मंडळी गहिवरली. केवढा नम्र झाला! दुःखाने माणूस सोन्यासारखा उजळतो तो असा, असं मफलरवाले काका म्हणाले, आणि ते सहसा हवेबद्दलच बोलत असल्यामुळे त्यांच्या त्या वाक्याला वजन आलं.

म्हणून आज त्याच्या हाती दार द्यायचं होतं. प्रार्थनेआधी दोन्ही फळ्या लावायच्या, अडसर सरकवायचा, मंडळींकडे वळायचं आणि म्हणायचं, "आत आहेत ते आपले, बाहेर आहेत तेही आपले." मग पहिली प्रार्थना संपेपर्यंत दार कोणासाठी उघडायचं नाही. जुना द्वारपाल मुलाकडे राहायला गेल्यापासून हे काम जो उठेल तो करत होता, आणि बारक्या तेवढ्या वेळापुरता "पाणी पिऊन येतो" म्हणून बाहेर सटकत होता. तोही त्याचा नम्रपणाच धरला गेला होता.

आप्पांनी हे काम उभा जन्म केलं. इतकं चोख, की अक्काच्या लग्नाच्या दिवशी केस नीट बसेनात म्हणून अक्का उशिरा पोचली, तर त्यांनी पोटच्या मुलीच्या तोंडावर दार लावलं होतं. नवरा आत, नवरी बाहेर पायरीवर, सगळ्या रस्त्यादेखत. ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की आता ती विनोद झाली होती. सांगणाऱ्याने "केस नीट बसेनात" म्हटलं की अक्का सगळ्यांच्या आधी हसायची.

धाकटी स्वयंपाकघरातून कोट बघत होती. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलायची आणि विचारायची, "आता स्पष्ट दिसतं? की आता?" घरी येऊन नणंदेला तेच विचारायची वेळ कधीतरी येणार हे तिला माहीत होतं. आजच यावी असं मात्र वाटत नव्हतं.

"अक्का, जरा आत या."

अक्का आत आली. धाकटीने दार लोटलं नाही. या घरात तो प्रश्नच नव्हता. तिने नळ सोडला, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये.

"त्यांना जमणार नाही."

"काय जमणार नाही?"

"दार लावणं."

"अगं, दार लावायला लागतं काय? दोन हात. ते त्याला देवाने फावड्याएवढे दिलेत."

"अक्का, तुम्ही बघताय ना सगळं. घरात एक कडी नाही. झोपतात ते पॅसेजमध्ये, बाहेरचं दार सताड उघडं टाकून. मांजरं येतात. परवा एक माणूस पत्ता विचारत सरळ आमच्या उशाशी आला. मी झोपेतच त्याला डावीकडे वळायला सांगितलं."

"तरी मी सांगतोय, गादीचा दोष आहे," मधला टॉवेलने हात पुसत येऊन म्हणाला. त्याचं गाद्यांचं दुकान होतं, आणि त्याच्या मते जगात दोनच प्रकारची दुखणी होती, कडक गादीने जाणारी आणि मऊ गादीने जाणारी.

"भावोजी, तीन गाद्या झाल्या."

"चौथी पाठवतो. ती गादी म्हणजे गादी नाही, आईची मांडी आहे."

"तू गप्प बस," अक्का म्हणाली. मग धाकटीकडे वळली. "हे बघ, सगळी मंडळी म्हणतात तो नम्र झालाय. सगळी काय खुळी आहेत?"

"तो नम्रपणा नाही अक्का. एक पाय बाहेर ठेवून बसतात ते. पळता यावं म्हणून."

नळाचं पाणी वाहत राहिलं. मधलीने तो बंद केला. तिला पाणी वाया गेलेलं खपत नसे. मधली केस कापायची, त्यामुळे लोकांच्या डोक्यात काय काय चाललेलं असतं याची तिला सवय होती.

"धाकटी बरोबर बोलतेय अक्का," ती म्हणाली. "माझ्या खुर्चीत बसणाऱ्या निम्म्या बायका केस कापायला आलेल्याच नसतात."

"म्हणजे मी एकटी चूक?" अक्काचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "त्याला डॉक्टरकडे न्यायचं म्हणते ना ही? डोक्याच्या डॉक्टरकडे? अगं, लोक काय म्हणतील ते सोडा. लिफ्टच्या कामावर त्याला परत कोण घेईल? ज्या मेकॅनिकला बंद दाराची भीती वाटते, त्याला कोण लिफ्टला हात लावू देईल? आज त्याने चारचौघांत दार लावलं की संपलं. तोंडं बंद. त्याला स्वतःलाही वाटेल, झालं, जमलं."

यात अक्का खोटं बोलत नव्हती.

"दोनदा वेळ घेतली मी त्या डॉक्टरांची," धाकटी हळूच म्हणाली. "दोन्ही वेळा खालूनच परत फिरले. दवाखाना चौथ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये पाय ठेवेनात. आणि जिन्याला प्रत्येक मजल्यावर आपोआप बंद होणारं दार."

"एवढा अक्कलवान डॉक्टर," मधली म्हणाली, "तळमजल्यावर का नाही बसत?"

अक्का बाहेर गेली आणि बारक्याच्या खांद्यावरचे नसलेले दोरे वेचू लागली.

आणि इथे मधल्याने पक्ष बदलला. तो जन्मापासून अक्काच्या बाजूचा. पण आजवर या घरात त्याच्याकडून गाद्यांखेरीज कोणी काही मागितलं नव्हतं, आणि आज त्याला एकदम एक कल्पना सुचली होती.

"बारक्याने दार लावायचंच नाही," तो कुजबुजला. "नुसतं दारापाशी उभं राहून वाक्य म्हणायचं. दार मी ओढून घेतो. बाहेरून."

"आणि अडसर?"

"तो राहू दे. मी बाहेरून धरून ठेवीन."

"म्हणजे तुम्ही पूर्ण प्रार्थनाभर बाहेर?"

"तेवढा त्याग करीन मी," मधला म्हणाला. लांबलेल्या प्रार्थना त्याला कधीच मानवल्या नव्हत्या. "अक्काला कळू द्यायचं नाही. बारक्याला तू सांग."

शेवटचे तीन शब्द त्याने नेमके मधली आणि धाकटी दोघींच्या मधल्या हवेकडे बघून म्हटले. मधलीला वाटलं धाकटी सांगेल, बायको आहे. धाकटीला वाटलं मधली सांगेल, तिच्या नवऱ्याचा बेत आहे. त्यामुळे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता त्याला सोडून बेत सगळ्यांना माहीत झाला.

प्रार्थनाघर टायरच्या गॅरेजला लागून होतं. बारक्या नेहमीच्या टोकाला बसला. एक पाय आत, एक पायरीवर. गॅरेजमधून हवा भरायच्या यंत्राचा फुसफुस आवाज येत होता. तो त्याला बरा वाटायचा. काहीतरी चालू आहे, बंद पडलेलं नाही.

त्याने दाराकडे पाहिलं. जुनं, दोन फळ्यांचं, आतल्या बाजूला उघडणारं. बिजागऱ्या उत्तम. डावी फळी किंचित खाली बसलेली, पण एक वॉशर टाकला की काम होईल. दाराची म्हणून त्याला काहीही भीती नव्हती. उलट नव्या पोरांना तो स्वतःच शिकवायचा की दार नीट बंद झाल्याशिवाय लिफ्ट हलत नाही, बंद दार म्हणजेच सुरक्षित माणूस. हे त्याने जोडीदारालाही सांगितलं होतं, आणि जोडीदाराने त्याला. दोघांत वाद एकाच गोष्टीवरून व्हायचा. काम करताना शीळ घालायची की नाही.

त्या दिवशी बारक्या लिफ्टच्या आत होता आणि जोडीदार लिफ्टच्या टपावर. वर काहीतरी तुटलं. लिफ्ट थोडी घसरली आणि दोन मजल्यांच्या मधे अडकली. दार उघडेना. वरून जोडीदाराने पान्याने ठोकलं, ठक ठक, म्हणजे मी आहे. बारक्याने खालून ठोकलं. पुन्हा वरून. पुन्हा खालून. असं चाललं होतं, आणि मग बारक्याने ठोकलं आणि वरून काही आलं नाही. तो ठोकत राहिला. बाहेरच्या लोकांनी दार उचकटलं तेव्हाही तो ठोकतच होता.

हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. धाकटीला अपघात माहीत होता, जोडीदार त्यात गेला हेही. ठोकणं माहीत नव्हतं.

"चला," थोरल्या बाई पुढून म्हणाल्या. प्रार्थनाघराचं सगळं त्याच बघायच्या. उमेदीत त्या पोहायला शिकवायच्या, त्यामुळे त्यांचा आवाज अजून तलावाच्या या काठावरून त्या काठाला पोचेल असा होता. "आज आपल्याला नवा द्वारपाल मिळतोय. त्याच्या वडिलांनीही हेच दार सांभाळलं. ये रे बाबा. उभा राहा."

बारक्या उभा राहिला. वरचं बटण गळ्यात रुतलं. तिसऱ्या रांगेच्या टोकाला ठेवलेल्या खुर्चीतून अक्का मान वळवून बघत होती. शाल, कानाला रुमाल, खाली मोजे. तिला वाऱ्याची झुळूकही सोसत नसे आणि उघड्या दारातल्या वाऱ्याबद्दल ती आणि मफलरवाले काका दर वेळी एकमेकांकडे बघून उसासे टाकायचे.

उजवी फळी त्याने लावली. ती लागली. अजून अर्धं दार उघडं होतं, अर्ध्या दारात रस्ता होता. त्याने मनाशी म्हटलं, एवढंच ना. मग डावीकडे वळला, आणि त्याने हात लावायच्या आधीच डावी फळी आपण होऊन सरकू लागली.

बारक्याने ती पकडली. फळी थांबली, मग बाहेरून हिसका बसला. बारक्याने आत ओढली. बाहेरून कोणीतरी "सोड ना" असं घुसमटल्यासारखं म्हणालं. मंडळी बघत राहिली. आप्पांच्या हातात हे दार लोण्यासारखं फिरायचं, आणि आज त्यांचा मुलगा त्याच्याशी झटापट करत होता आणि दार त्याला उलट उत्तर देत होतं. कोटाची डावी बगल टर्रकन उसवली. अक्काने डोळे मिटले. तिच्या हातची शिवण होती ती.

"बाहेर कोण आहे?" थोरल्या बाईंनी विचारलं.

फळीवरचा जोर सैल पडला.

"मी," दाराबाहेरून आवाज आला.

"मी कोण?"

"मधला."

"तू बाहेर काय करतोयस?"

"त्याग," मधला म्हणाला.

मागच्या बाकावर कोणीतरी फसकन हसलं, आणि मग बऱ्याच जणांना खोकला आला. त्या गडबडीत मधल्याने फळीला शेवटचा जोर लावला. रस्ता बोटभर उरला.

"दार लावू नका!"

हा आवाज बारक्याचा होता हे ओळखायला मंडळींना वेळ लागला. इतके महिने त्याचा आवाज कोणी ऐकलाच नव्हता. मधल्याने फळी सोडून दिली. बारक्या तिच्यासकट मागे गेला, भिंतीला टेकला आणि तिथेच उभा राहिला.

"मला दार लावता येत नाही," तो म्हणाला. "मी नम्रबिम्र नाही. मी इथे बसतो कारण इथून पळता येतं. तो वरून ठोकत होता. मी खालून ठोकत होतो. मग वरून यायचं थांबलं आणि मी ठोकतच राहिलो. आता दार बंद झालं की मला ते ऐकू येतं. म्हणजे... ऐकू येत नाही, ते."

हसणाऱ्यांचं हसू जिथल्या तिथे विझलं. धाकटी उठून त्याच्याजवळ जायला निघाली आणि बाकाला गुडघा आपटून तिथेच थांबली. गॅरेजमधलं यंत्र तेवढं फुसफुसत राहिलं.

"म्हणजे ते सोन्यासारखं उजळणं वगैरे..." मफलरवाले काका चाचरत म्हणाले.

"माफ करा काका."

"तू कशाला माफी मागतोस?" थोरल्या बाई मधल्या वाटेने चालत मागे आल्या. त्या बारक्याच्या अगदी जवळ गेल्या नाहीत. हात पोचेल एवढ्या अंतरावर थांबल्या, पाण्यात नव्या माणसापासून थांबायच्या तशा. "माफी आम्ही मागायची. तुझं दुखणं इतके महिने आमच्या डोळ्यांदेखत त्या बाकावर बसलं होतं आणि आम्ही त्याचं कौतुक करत होतो. एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की बाबा रे, तुझा पाय बाहेर का."

मग त्या मंडळींकडे वळल्या. "पाण्याला घाबरणाऱ्या माणसाला मी आयुष्यात एकदाच ढकललं. म्हटलं, एकदा बुडी मारली की भीती जाईल." त्यांनी मफलरवाल्या काकांकडे पाहिलं. "अजून गळ्यापर्यंत गुंडाळून बसतात."

"पाणी फार गार होतं," काका ताठ मानेने म्हणाले.

"होतं. चुकलंच माझं."

का कोण जाणे, पण त्यानंतर मंडळींना बोलावंसं वाटू लागलं. एक बाई म्हणाल्या, घरात आग लागल्यापासून मी गॅस बंद केलाय का ते बघायला प्रार्थनेतून दोनदा घरी जाऊन येते, तुम्हाला वाटतं मी लघवीला जाते. निवृत्त पोस्टमन म्हणाला, मुलगा गेल्यापासून मी माझ्या स्वतःच्या दाराची बेल काढून टाकलीय. त्यांच्यामागे आणखी तिघे उठले.

"एकेक करून," थोरल्या बाई म्हणाल्या. "सगळ्यांचं ऐकायचं आहे. त्यासाठी वेगळा दिवस ठेवू, आणि तो नक्की ठेवू. आज याचं. कोणाला दाखवलंस का रे?"

बारक्याने नाही म्हणून मान हलवली. धाकटीने मग गुडघा चोळत सगळं सांगितलं, डॉक्टर, चौथा मजला, लिफ्ट, जिना आणि आपोआप बंद होणारी दारं.

"प्रार्थना आपण करू," थोरल्या बाई म्हणाल्या. "पण हाड मोडलं तर आपण इथे बसवत नाही. हेही तसंच. ते शिकलेल्या माणसाचं काम. आपलं काम याला तिथवर पोचवायचं." त्या जरा थांबल्या. "प्रत्येक मजल्यावर एक दार ना? मग प्रत्येक दारात एक माणूस उभा करा. धरून ठेवेल. हा वर जाऊन खाली येईपर्यंत."

"तळमजला माझा!" मफलरवाले काका ताडकन उठले.

"तळमजला मी म्हणणार होते," आगीवाल्या बाई म्हणाल्या. "माझे गुडघे बघा."

"गुडघे सगळ्यांनाच आहेत."

"मी चौथ्यावर उभी राहते," मधली म्हणाली. "तिथे वाट बघणाऱ्यांचे केस नक्की वाढलेले असतील."

बारक्या हे सगळं ऐकत होता. त्याच्या खांद्यांचं ओझं एकदम उतरलं वगैरे नाही. पण पोस्टमन तिसऱ्या मजल्यासाठी भांडतोय हे बघून त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला, आणि धाकटीने ते पाहिलं. काच बदलल्यावर गिऱ्हाइकाचा चेहरा कसा हलतो ते तिला कळायचं.

"सगळं ठीक आहे," रांगेतून कोणीतरी म्हणालं, "पण आज दार कोण लावणार? दार लागल्याशिवाय प्रार्थना सुरू होत नाही. आप्पांच्या वेळेपासूनची रीत आहे."

सगळ्यांनी अक्काकडे पाहिलं. आप्पांची थोरली तीच.

अक्का शाल आवळून बसली होती. मघापासून तिला राग येत होता आणि तो नक्की कोणाचा ते ठरत नव्हतं. धाकटीचा येईना. मधल्याचा आला, पण त्याच्यावर रागावून कधी कोणाचं समाधान झालं नव्हतं. ठोकत होतो, बारक्या म्हणाला होता. तेवढंच तिच्या कानात अडकलं होतं.

लग्नाच्या दिवशी तिनेही ठोकलं होतं. ही गोष्ट त्या विनोदात नव्हती. बोटांच्या पेरांनी, हळूच, एकदा. मग थोडं थांबून आणखी एकदा. दाराच्या पलीकडे आप्पा उभे होते. फटीतून तिला त्यांच्या कोटाचं बटण दिसत होतं. त्यांना ऐकू गेलं होतं. ते हलले नाहीत. नंतर दार उघडलं, लग्न झालं, संसार झाला, नवरा गेला, आणि ती गोष्ट सांगून लोक हसत राहिले. सगळ्यांच्या आधी ती.

ती उठली. आपली खुर्ची उचलायला गेली, पण ती जड लोखंडी होती, म्हणून ओढत निघाली. फरशीवर खुर्चीचा असा काही आवाज झाला की गॅरेजवाल्यानेही यंत्र बंद करून डोकावून पाहिलं. मधल्या वाटेने ती दारापर्यंत आली आणि लागलेली उजवी फळी तिने ओढून उघडली. बरोबर उंबऱ्यावर, दोन फळ्यांच्या मधे, खुर्ची ठेवली आणि बसली. अक्का बसली की बसली. तिला हलवायला दोन माणसं आणि एक चांगलं कारण लागे.

"आता लावा," ती म्हणाली. "बघू कोण लावतं ते."

"अक्का, तुम्हाला वारा लागेल," धाकटी म्हणाली.

"लागू दे."

मफलरवाल्या काकांनी वाऱ्याकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं, आणि बऱ्याच मनधरणीनंतर निघावा तसा मफलर गळ्यातून सोडून पुढे केला. तो हातोहात मागे आला. अक्काने तो कानांवरून गुंडाळला.

"रीत मोडतेय अशातलं काही नाही," थोरल्या बाई म्हणाल्या. "द्वारपाल आहे, दार आहे, वाक्य आहे. म्हण रे."

बारक्याने रस्त्याकडे पाहिलं. तो होता, आख्खा. त्याच्यापुढे अक्काची पाठ होती. त्याने मंडळींकडे तोंड केलं.

"आत आहेत ते आपले," तो म्हणाला, आणि रस्ता आहे ना ते त्याने एकदा वळून बघितलं. खाकरून त्याने पुन्हा सुरुवात केली. "आत आहेत ते आपले, बाहेर आहेत तेही आपले."

"मग मी आत येऊ का?" पायरीवरून मधल्याने विचारलं.

"तू त्याग कर," अक्का म्हणाली.

प्रार्थना सुरू झाली. पुढच्या रांगांनी डोळे मिटले. बारक्या आपल्या बाकाच्या टोकाला येऊन बसला. पायरीवर ठेवायचा पाय त्याने उचलला, पण पायरीच्या वाटेत आता अक्का होती, म्हणून तो पाय त्याने तिच्या खुर्चीच्या पायाला टेकवून ठेवला.

अक्काने मान न वळवता हात मागे केला, चाचपडत त्याचा गळा शोधला, आणि सवयीच्या दोन बोटांनी कोटाचं वरचं बटण काढून टाकलं.

"आप्पांची मान बारीक होती," ती म्हणाली.